ग्वाल्हेरचे खडक आणि भूवैज्ञानिक नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ल्याची टेकडी नेमकी कोणत्या खडकाची आहे?

दोन वेगळ्या काळांतल्या खडकांची. वरचा उभा कडा विंध्य महासमूहातल्या कैमूर वाळूखडकाचा. पायथ्याच्या उतारात आहे तो त्याहून खूप जुना ग्वाल्हेर ग्रुप, म्हणजे मुरार फॉर्मेशनचा लोहयुक्त शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि त्याच्या सोबतचा गडद ट्रॅप (लाव्हापासून झालेला खडक). फॉर्मेशन म्हणजे नकाशावर वेगळा दाखवता येणारा थरांचा संच; असे संच मिळून ग्रुप होतो. कठीण थर वर आणि ठिसूळ थर खाली, म्हणून टेकडी सपाट माथ्याची आणि ताशीव कड्याची झाली. खालचा शेल झिजतो, वरचा वाळूखडक अधांतरी होतो, उभ्या सांध्यांवर (खडकातल्या नैसर्गिक भेगांवर) तुटतो आणि ठोकळेच्या ठोकळे खाली येतात. कडा मागे सरकत राहतो, पण उभाच राहतो.

महाराष्ट्रातून आलेले पाहुणे तटाखालचा कातळ पाहून हा बेसाल्टच असणार असं गृहीत धरतात. देशावरचे किल्ले डेक्कन ट्रॅपवर आहेत आणि तो ट्रॅप सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. इथला वाळूखडक त्याच्या निदान सोळापट जुना आहे. पायथ्याचा ट्रॅपही डेक्कनचा नव्हे, ग्वाल्हेर ग्रुपचाच.

खालपासून वरपर्यंत खडकांचा क्रम काय?

सर्वांत खाली बुंदेलखंड ग्रॅनाइट, अंदाजे २५० कोटी वर्षांचा. दक्षिणेला आंतरीकडे तो उघडा पडलेला दिसतो: गोलसर मोठे धोंडे आणि गुलाबी-करडा रंग.

त्यावर पार फॉर्मेशन. हे नाव ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येच्या पार गावावरून आलं. तळाशी पिंडाश्म, म्हणजे गोटे एकत्र चिकटून झालेला खडक, आणि वर शुभ्र-करडा क्वार्ट्झचा वाळूखडक. जाडी सुमारे ६० मीटर. तरंगखुणा, म्हणजे पाण्याच्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या वळ्या, पाहायच्या तर याच्यात पाहाव्यात.

त्यावर मुरार फॉर्मेशन, सुमारे ६०० मीटर: शेल, चर्ट (गारेसारखा कठीण, बारीक कणांचा खडक) आणि त्याचाच लाल प्रकार असलेल्या जॅस्परचे पट्टे, लोहखनिजाच्या पट्ट्या, मधूनमधून चुनखडक, आणि या सगळ्यात शिरलेला किंवा पसरलेला डोलेराइट (जमिनीखालीच थिजलेला काळा अग्निज खडक) व ट्रॅप. या ट्रॅपचं वय १९७० साली रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे १८३ कोटी वर्षं आलं. त्यातली अनिश्चितता मात्र दोन्ही बाजूंना २० कोटी वर्षांची आहे, तेव्हा तो आकडा फार घट्ट धरू नये.

आणि सर्वांवर कैमूर. पश्चिमेकडे जाऊ लागलात की त्याच्याही वरचे रेवा आणि भांडेर हे विंध्य गट भेटतात. उत्तरेला मुरैना-भिंडकडे सगळं चंबळच्या गाळाखाली आणि बीहडांत, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळींत, गडप होतं.

ग्वाल्हेर ग्रुपचे थर उत्तरेकडे अगदी मंद कललेले आहेत. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेला चालत गेलात की जुन्याकडून नव्याकडे जाता. पहिली फेरी याच दिशेने आखावी.

मधला काळ कुठे गेला?

पुस्तकात विंध्य महासमूहाचा तळ म्हणजे सेमरी गट. सोन नदीच्या खोऱ्यात तो जाडजूड आहे आणि त्यातल्या ज्वालामुखी राखेच्या थरांची वयं सुमारे १६० ते १६३ कोटी वर्षं आली आहेत. ग्वाल्हेरात सेमरी नाही. कैमूर थेट मुरार फॉर्मेशनवर टेकला आहे. अशा सीमेला विसंगती म्हणतात: खालचे थर साचले, वर उचलले गेले, झिजले, आणि मग कितीतरी काळानंतर त्यांच्यावर नवी वाळू पसरली. कैमूरचं कमीत कमी वय आपल्याला पन्नाजवळच्या मझगवां पाइपमुळे बांधता येतं. हिरे असलेल्या ज्वालामुखी खडकाची ती नळी कैमूरच्या वाळूखडकाला भेदून वर आली आहे आणि तिचं वय सुमारे १०७ कोटी वर्षं आहे. कैमूर तिच्याआधीचा आणि सेमरीनंतरचा, इतकं नक्की. म्हणजे ट्रॅपच्या वयाचा मधला आकडा धरला तर किल्ल्याच्या उतारावर त्या एका रेषेत वीस कोटींहून जास्त वर्षं गायब आहेत.

ग्वाल्हेरच्या नकाशातली सर्वांत महत्त्वाची रेषा हीच, आणि सर्वांत जास्त चुका होतात त्याही हिच्यावरच.

त्या रेषेवर काय चुका होतात?

पहिली चूक: घरंगळलेल्या दगडांना जागेवरचा खडक समजणं. कैमूरचे ठोकळे उतारभर पसरलेले असतात आणि शेल त्यांच्याखाली झाकला जातो. नवखा माणूस दगड संपतात तिथे सीमारेषा मारतो. मग वाळूखडक नकाशावर पन्नास-साठ मीटर खाली सरकतो आणि त्याची जाडी दीडपट निघते. जागेवरचा खडक ओळखायचा तर तीन गोष्टी पाहा. शेजारच्या ठोकळ्यांतले थर एकाच दिशेला, सारख्याच कोनात आहेत का? ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना तोच थर पुढे जातो का? सांध्यांची दिशा सगळीकडे जुळते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच तो जागेवरचा.

दुसरी चूक: सीमा दिसत नाही म्हणून अंदाजाने जाड सलग रेषा काढणं. रेषेचे तीन प्रकार असतात ते वापरा: जिथे बोट ठेवता येतं तिथे सलग, ५०-१०० मीटरच्या आत आहे एवढंच कळतं तिथे तुटक, आणि गाळ किंवा वस्तीखाली आहे तिथे ठिपक्यांची. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर आणि मुरार या भागांतल्या दाट वस्तीत नकाशाचा निम्मा भाग ठिपक्यांचाच येईल. त्यात कमीपणा नाही. खोटी सलग रेषा मात्र पुढच्या माणसाला दहा वर्षं फसवते.

झाकलेली सीमा शोधायला वाहत्या पाण्याच्या घळी, नव्या रस्त्याची कापणी, घराच्या पायासाठी खणलेले खड्डे आणि जुन्या विहिरी उपयोगी पडतात. पावसाळ्यानंतर महिनाभर उतारावर ओलीची किंवा झऱ्यांची रांग दिसली तर ती बहुधा याच सीमेवर असते. वाळूखडकाच्या भेगांतून उतरलेलं पाणी शेलवर अडतं आणि बाजूला फुटतं. गवताचा हिरवा पट्टाही तीच गोष्ट सांगतो.

पार आणि कैमूर, दोन्ही वाळूखडक. वेगळे कसे ओळखायचे?

हाती आलेल्या एकट्या तुकड्यावरून ओळखण्याची पैज लावू नका. दोन्ही क्वार्ट्झचे, दोन्ही कठीण, दोन्हींत तरंगखुणा. जागा आणि शेजार पाहा. खाली ग्रॅनाइट असेल आणि वर शेल-जॅस्पर, तर पार. खाली लोहयुक्त शेल असेल आणि तळच्या पिंडाश्मात जॅस्परचे लाल गोटे सापडले, तर कैमूर. कारण साधं आहे: जॅस्पर आधी तयार झाला, झिजला, आणि मगच त्याचे गोटे नव्या वाळूत पडले. असा एक लाल गोटा दहा मोजमापांपेक्षा मोलाचा. त्याचा फोटो मोजपट्टीसह घ्या.

थरांची नती कशी मोजायची? आमच्या वाचनात दर वेळी वेगळा आकडा येतो.

येणारच. नती म्हणजे थर आडव्या पातळीपासून किती अंश कलला आहे ते. इथली नती बहुतेक ठिकाणी एक आकडी अंशांत आहे, आणि तरंगखुणांनी खडबडीत झालेल्या पृष्ठावर तेवढा चढउतार आपसूकच असतो. त्यात वाळूखडकात तिरपे थर असतात. जुन्या प्रवाहाने वाळूचे ढीग पुढे ढकलताना उतरत्या बाजूवर साचलेल्या त्या पट्ट्या असतात आणि त्या सहज २०-२५ अंश कललेल्या दिसतात. त्यांची नती ही थराची नती नव्हे. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘किल्ल्याजवळ नती २२ अंश’ असं दिसलं की समजावं, तिरपा थर मोजला गेला. खरी नती मोजायची तर तिरप्या पट्ट्यांच्या संचाची वरची आणि खालची सपाट सीमा शोधा.

दुसरा फसवा नमुना म्हणजे लोहाच्या तपकिरी कड्या. भेगांतून पाणी झिरपताना गंज वलयांच्या रूपात साचतो आणि थरांसारखा दिसतो. भिंगातून पाहा: वलय कणांच्या आकाराकडे लक्षच देत नाही, बारीक-जाड वाळूची सीमा ओलांडून पुढे जातं. थर तसं करत नाही.

मंद नतीसाठी एका पृष्ठावर क्लायनोमीटर (कल मोजायचं उपकरण) टेकवण्यापेक्षा तीन बिंदूंची रीत बरी. एकाच थराचे किंवा सीमेचे तीन बिंदू निवडा आणि त्यांची उंची घ्या. समजा अ बिंदू २४० मीटरवर, ब २२० वर आणि क २३० वर आहे. नकाशावर अ-ब रेषेचा मध्य म्हणजे २३० मीटरची जागा. तो मध्य आणि क जोडलात की नतिलंब, म्हणजे थरावरची समान उंचीची आडवी रेषा, मिळाला. आता अ पासून त्या रेषेवर लंब टाका. तो लंब नकाशावर २०० मीटर भरला तर उतार २०० मीटरमागे १० मीटर, म्हणजे जवळजवळ ३ अंश. तीन बिंदू एका रांगेत आले तर उत्तर भरकटतं, म्हणून त्रिकोण शक्य तेवढा मोठा आणि तिन्ही बाजू जवळपास सारख्या असलेला घ्या. आणि मोबाइलमधली जीपीएसची उंची इथे चालणार नाही. ती सहज १०-२० मीटर चुकते, म्हणजे नतीची दिशाच उलटी येऊ शकते. समोच्च रेषांवरून घ्या, नाहीतर बॅरोमीटर वापरून दर तासाला ओळखीच्या उंचीवर परत तपासा.

होकायंत्राबद्दल: इथे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एक अंशाच्या आसपास आहे, त्याची काळजी नाही. काळजी लोहपट्ट्यांची आणि डोलेराइटची. मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असेल तिथे सुई सरळ खोटं बोलते. दूरच्या खुणेकडे दिशा घ्या, त्या खुणेजवळ जाऊन उलटी दिशा घ्या. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक आला नाही, तर तिथे सूर्यावरून किंवा नकाशावरून दिशा ठरवा. हातोडी आणि मोबाइल होकायंत्रापासून हातभर दूर, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

कोणता नकाशा घ्यायचा?

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा. जुन्या क्रमांकनात शहराचा मोठा भाग ५४ जे/४ या शीटवर येतो आणि उत्तरेकडचा ५४ जे/३ वर. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला गेलात की शीट बदलते. नव्या ओपन सिरीज नकाशांचे क्रमांक वेगळे आहेत आणि ते ऑनलाइन मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूशास्त्रीय थर भूकोश पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येतात. ते आधी पाहावेत, पण प्रत्यक्ष जागेवर काम करताना झाकून ठेवावेत. नाहीतर डोळे खडक पाहायचं सोडून नकाशाला दुजोरा शोधतात.

१:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. किल्ल्याची टेकडी काही ठिकाणी दोनशे मीटरइतकीही रुंद नाही, म्हणजे नकाशावर चार मिलिमीटर. त्यात कडा, उतार आणि ढिगारा दाखवणं शक्य नाही. टेकडीसाठी १:१०,००० वर उपग्रहचित्राचा छापील आधार घ्या.

एक चूक हमखास होते. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर (गोलाभ म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप) आहेत आणि मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या गोलाभावर. आकडे जसेच्या तसे टाकले तर ठिकाण शंभर मीटरहून जास्त सरकतं, म्हणजे नकाशावर दोन मिलिमीटर. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट बसवताना सुरुवातीलाच योग्य गोलाभ निवडा.

एका ठिकाणी काय काय नोंदवायचं?

ठिकाणाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, खडकाचं नाव, ताज्या तुटीचा रंग आणि झिजलेल्या पृष्ठाचा रंग (दोन्ही, कारण मुरारचा करडा शेल बाहेरून विटकरी दिसतो), कणांचा आकार, थराची जाडी सेंटिमीटरमध्ये, नती व नतिलंब, सांध्यांच्या दिशा, नमुन्याचा क्रमांक, फोटोचा क्रमांक. आणि ‘इथून उत्तरेला काय दिसतं’ ही एक ओळ. ‘वाळूखडक, लाल’ एवढंच लिहिलेली वही संध्याकाळी निरुपयोगी असते.

दिवसाला १५-२० चांगली ठिकाणं पुरे. सीमारेषा त्याच संध्याकाळी शाईने पक्की करा. दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढलेली रेषा नेहमी जरा जास्तच सुबक येते.

थराची जाडी नकाशावरून कशी काढायची?

सपाट जमिनीवर पट्ट्याची रुंदी नतीच्या दिशेने मोजा आणि नतीच्या साइनने गुणा. ५०० मीटर रुंद पट्टा आणि ५ अंश नती असेल तर जाडी साधारण ४४ मीटर. नती ५ ऐवजी ७ घेतली तर तीच जाडी ६१ होते. मंद नतीच्या प्रदेशात दोन अंशांची चूक किती महाग पडते ते इथे दिसतं.

आम्ल टाकून चुनखडक ओळखता येतो ना?

येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचं सुमारे १० टक्के द्रावण लागतं: बाजारातलं तीव्र आम्ल एक भाग, पाणी अडीच ते तीन भाग. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. ताज्या तुटीवर एक थेंब टाका. लगेच खळखळून फेस आला तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडकाचं मुख्य खनिज. काही झालं नाही तर चाकूने भुकटी करून पुन्हा टाका. आता मंद फेस आला तर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेलं त्याच्यासारखंच खनिज. वाळूखडकावर फेस आला तर खडक नव्हे, कण जोडणारं सिमेंट चुन्याचं आहे किंवा वरून कंकराचा (मातीत जमणाऱ्या चुन्याच्या गाठींचा) लेप बसला आहे. गाळाच्या प्रदेशात कंकर सगळीकडे असतो आणि त्याला चुनखडकाचा उघडा थर समजून बरेच जण नकाशावर निळा ठिपका देऊन मोकळे होतात.

किल्ल्यावर आम्लही नाही आणि हातोडीही नाही. संरक्षित स्मारक आहे. उरवाई खोऱ्यातल्या कड्यात कोरलेल्या तीर्थंकर मूर्ती किंवा चतुर्भुज मंदिर (शून्याचा प्रसिद्ध शिलालेख असलेलं, इ. स. ८७६ चं) याच कैमूर वाळूखडकात आहेत. तिथे फक्त भिंग आणि कॅमेरा. तिरपे थर कोरीव पृष्ठावर इतके स्वच्छ दिसतात की तुकडा तोडायची गरजही नाही.

शेलवर फर्नसारखी नक्षी सापडली. जीवाश्म आहे का?

नाही. मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडची झाडासारखी वाढ आहे ती, भेगेतून पाणी शिरल्यावर होते. नक्षी भेगेच्या सपाट पृष्ठावरच असते, खडकाच्या आत जात नाही आणि तिला शिरा-देठ नसतात. शिवाय हे खडक पानं-शिंपल्यांच्या फार आधीचे आहेत. शोधायचंच तर स्ट्रोमॅटोलाइट शोधा: सूक्ष्मजीवांच्या चादरींनी बनलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे घुमटाकार थर, चुनखडकात किंवा चर्टमध्ये.

घाई नडते ती अशी. २०२१ मध्ये भोपाळजवळच्या भीमबेटकात, विंध्य वाळूखडकावर, डिकिन्सोनिया या प्राचीन जिवाचा ठसा सापडल्याचं जाहीर झालं. जगभर बातमी झाली. पुढे तिथेच जाऊन पाहिल्यावर ते झडलेलं मधमाश्यांचं पोळं निघालं आणि मूळ संशोधकांनीही ते मान्य केलं.

लाल-करड्या पट्ट्यांचा जड दगड म्हणजे काय?

पट्टेदार लोहखडक: जॅस्पर आणि हेमॅटाइटचे आलटून-पालटून थर. तेव्हाच्या समुद्रात प्राणवायू कमी होता, त्यामुळे लोह विरघळलेलं राहायचं. प्राणवायू मिळाला की ते तळाशी बसायचं. अशा खडकापासून या भागात पूर्वी लोखंड गाळलं जात असे. ओळख: हाताला जड, बिनचकाकीच्या चिनी मातीच्या फरशीवर घासलं तर लालसर रेघ. काळी रेघ आली तर मॅग्नेटाइट, आणि मग वर लिहिलेलं होकायंत्राचं दुखणं आठवा.

बोअर घ्यायचा आहे. नकाशा काही सांगेल का?

पाणी लागेलच असं नाही सांगणार, पण कुठे पैसे जातील ते सांगेल. वाळूखडकात पाणी कणांत कमी आणि सांध्यांत जास्त. जाड, न तुटलेल्या शेलमध्ये खोल जात राहण्यात अर्थ कमी. वाळूखडक-शेल सीमेच्या जरा वर, जिथे सांध्यांच्या दोन दिशा एकमेकींना छेदतात, ती जागा आधी तपासावी. खोदताना दर ३ मीटरला भुकटीचा नमुना पिशवीत भरा, खोली लिहा, धुऊन भिंगाखाली पाहा. बोअर खोल गेला की भुकटी वर यायला वेळ लागतो, म्हणून रंग बदलल्याची खोली एखाद-दोन मीटर जास्त नोंदली जाते. तेवढी वजा धरा. हे नमुने फेकून देऊ नका. वस्तीखालच्या ठिपक्यांच्या रेषा सलग करण्याचा तोच एक मार्ग आहे.

पाया आणि पाणी यांचं नातं ग्वाल्हेरने फार कठोरपणे पाहिलं आहे. शहराला पाणी देणारं तिघरा धरण, २४ मीटर उंचीचं दगडी बांधकाम, १९१७ च्या पावसाळ्यात फुटलं. पायाच्या वाळूखडकात पाणी मुरलं आणि बांधकाम घसरलं. ते पुन्हा उभं राहिलं १९२९ मध्ये. वाळूखडक हातात कितीही टणक लागला तरी त्याचे थर आणि सांधे पाण्याला वाट देतात, आणि मध्ये शेलची बोटभर पट्टी असली तर तीच घसरगुंडी होते. पायाच्या तपासणीत अशी पट्टी शोधायचीच.

घरासाठी ‘ग्वाल्हेर मिंट’ घेतोय. काय पाहू?

ते व्यापारी नाव आहे, फॉर्मेशनचं नाही. दगड वाळूखडकच. तुकडा भट्टीत १०५ अंशांवर २४ तास वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. फरक टक्क्यांत काढला की कळतं दगड किती पाणी पितो. दोन खाणींतला माल शेजारी ठेवून तुलना करा. हातोडीने हलकं ठोका: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आत पापुद्रा सुटलेला. भिंतीत बसवताना थर आडवे ठेवा. उभे बसवलेले थर ओल आणि क्षारांनी पापुद्र्यांसारखे सुटतात. कापणी ओलीच करून घ्या. वाळूखडकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिका, आणि ती फुप्फुसात साचली की परत निघत नाही. कारागिराला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क द्या.

फेरीला कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यानंतर लगेच गवत आणि झुडपं उतार झाकतात, पण झऱ्यांच्या रांगा तेव्हाच दिसतात. त्यामुळे ऑक्टोबरात एक धावती फेरी आणि खरं काम फेब्रुवारीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि काळ्या डोलेराइटवर हात ठेववत नाही.

जुन्या पुस्तकात ‘ग्वाल्हेर सिरीज’ किंवा ‘सिस्टिम’ लिहिलंय. तेच का?

तेच. १८७० मध्ये हॅकेट यांनी या खडकांचं वर्णन केलं तेव्हापासूनची ती नावं. आता ग्रुप आणि फॉर्मेशन वापरतात. जुन्या नकाशावरची सीमा उचलताना मात्र तिचं प्रमाण पाहा. एका इंचाला चार मैल अशा प्रमाणावरची रेषा १:१०,००० वर मोठी करून टाकली, तर पेन्सिलीच्या टोकाइतकी जाडीसुद्धा शंभर मीटरपेक्षा रुंद पट्टा होते.